स्टर्लिंग इंजिनाचा सिलिंडर-पिस्टन: लेथवाल्याला काय लिहून द्यावं?

भोवरा
स्पिरिटच्या दिव्यावर चालणारं गॅमा पद्धतीचं (हवा ढकलणारा आणि ताकद देणारा पिस्टन वेगवेगळ्या सिलिंडरमध्ये) छोटं स्टर्लिंग इंजिन करतोय, म्हणजे आतली बंद हवा तापवून-थंडावून फिरणारं. पॉवर सिलिंडर बिडाचा, बोअर (आतलं भोक) २० एच७. पिस्टन हलका हवा म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा, १९.९८ मिमी. कोल्हापूरला उद्यमनगरात जॉब टाकण्याआधी ड्रॉइंगमध्ये काही चुकतंय का?

बोअरगेज
दोन गोष्टी. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या दुप्पट फुगतं. ६० अंश तापमान वाढलं तर २० मिमी व्यासावर ते सुमारे २७ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) वाढेल, बीड १३. फट १४ मायक्रॉनने कमी झाली. इथे मुळात फटच १० ते १५ मायक्रॉन लागते, म्हणजे तापल्यावर पिस्टन जाम. पिस्टनही बिडाचाच घ्या, आतून पोखरून भिंत १ मिमी ठेवा.

दुसरं, २० एच७ म्हणजे बोअर २०.००० ते २०.०२१ मध्ये कुठेही. पिस्टन १९.९८ असेल तर फट ४१ मायक्रॉनपर्यंत जाऊ शकते. मग हवा गळणार आणि इंजिन फिरणार नाही. म्हणून पिस्टनला आकडा देऊच नका. ‘आधी सिलिंडर पूर्ण, मग त्याच्या मापाने पिस्टन, व्यासावर फट १२ मायक्रॉन’ असं लिहा. बोअर २०.०५ झाला तरी चालेल. तो गोल आणि सरळ हवा, हे महत्त्वाचं.

फेसप्लेट
बोअर गोल येत नाही तो चकमुळे, म्हणजे लेथवर जॉब पकडणाऱ्या भागामुळे. चकच्या तीन जॉमध्ये (जबड्यांत) पातळ सिलिंडर आवळून बोअर केला की चकमध्ये गोल दिसतो, सोडल्यावर तीन बाजूंनी दबतो. समोरासमोरच्या दोन बिंदूंमधल्या मापात हे सापडत नाही, कारण व्यास सगळीकडे जवळपास तेवढाच भरतो. सिलिंडरला फ्लँज (टोकाला रुंद कडा) ठेवा आणि शेवटचा कट फ्लँज फेसप्लेटवर, म्हणजे लेथच्या सपाट तबकडीवर, बांधून घ्यायला सांगा. भिंत निदान ४ मिमी असू द्या.

भोवरा
होनिंगही (दगडाने घासून बोअर गुळगुळीत करणं) तिथेच करून घेऊ का?

बोअरगेज
एका नगासाठी लॅपिंग, म्हणजे पावडर लावलेल्या दांड्याने (लॅपने) बोअर घासणं, घरी जमतं. बोअरला ०.०३ मिमी माल शिल्लक ठेवायला सांगा. लॅप पितळेचा, मधे चीर देऊन फुगवता येईल असा. आधी ६०० ची घासायची पावडर, मग १०००, तेलात कालवून. लॅप सतत मागेपुढे फिरवा, पण दोन्ही टोकांना त्याच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बाहेर काढू नका, नाहीतर तोंडाशी बोअर कर्ण्यासारखा पसरतो. पिस्टन त्यानंतरच करून घ्या. जोडण्याआधी रॉकेलने आणि नंतर साबणाच्या गरम पाण्याने धुवा. पावडर राहिली तर बसवलेली फट काही मिनिटांत झिजते.

फेसप्लेट
पिस्टन ताब्यात घेताना तिथेच तपासा. दोन्ही कोरडे पुसा, सिलिंडर उभा धरून खालचं तोंड बोटाने बंद करा आणि पिस्टन सोडा. तो हवेवर तरंगत हळूहळू उतरला पाहिजे. बोट काढताच स्वतःच्या वजनाने सरळ खाली यायला हवा. मधेच अडकला तर तिथे बोअर लहान आहे.