मदत हवी आहे : आखाजीपर्यंत आईच्या आठवणीसाठी काय करावे?

गिरणाकाठ : आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पाच आठवडे उरले आहेत. धाकटा भाऊ स्मशानभूमीत आईच्या नावाची सिमेंटची बाके बसवायची म्हणतो आणि त्याने गवंड्याशी बोलणेही केले आहे. मला ते पटत नाही, पण त्याऐवजी काय, हेही सांगता येत नाही. कृपया लवकर सुचवावे.

धुळेकर : आई केव्हा गेल्या, खर्च किती करायचा आहे आणि गाव कोणते, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. तरीही एक सांगतो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यात वारले आणि त्यांचे काम पुढे चालावे म्हणून १९२७ मध्ये त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. स्मारक असे असावे.

केळीबाग : दादा, ते बाकांविषयी विचारत आहेत, संस्था काढण्याविषयी नाही. एक कडुनिंब लावा.

वैशाखवणवा : आखाजीच्या उन्हात लावलेले रोप जगत नाही, ते आषाढातच लावावे. त्यापेक्षा नेत्रदानाचा विचार व्हावा.

केळीबाग : नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांत करावे लागते. त्यांच्या मातोश्री केव्हाच गेल्या आहेत.

गिरणाकाठ : आई भाद्रपदात गेली. गाव अमळनेर तालुक्यातले असून हाताशी वीस हजार रुपये आहेत. आईने नाव घ्यावे असे वेगळे काही केले नाही. घर एस.टी. थांब्याला लागून असल्यामुळे ओट्यावर रांजण असे, आणि लांब दांड्याच्या पितळी ओगराळ्याने ती उतारूंच्या ओंजळीत पाणी ओतत असे, एवढेच. रांजण अजून ओट्यावर पालथा पडून आहे.

तापीमाय : दादा, हे आपण पहिल्याच संदेशात लिहायला हवे होते. आखाजीला आपण पितरांसाठी घागर भरतो, तिच्यावर खरबूज, आंबे आणि सांजोऱ्या ठेवतो. ज्या बाईने उन्हाळाभर लोकांना पाणी पाजले, तिच्यासाठी रांजण पुन्हा भरण्याखेरीज आणखी काय शोधायचे?

वैशाखवणवा : वीस हजारांत थंड पाण्याचे यंत्र बसेल आणि त्यावर नावाची पाटीही लावता येईल.

तापीमाय : वीज गेली की यंत्र बंद पडते. आपल्याकडची उन्हाळ्यातली हवा कोरडी असल्यामुळे मातीतून झिरपलेले पाणी झटपट उडून जाते आणि आतले पाणी गार राहते. मुंबईच्या दमट हवेत माठाला हे तितकेसे साधत नाही.

धुळेकर : पाणपोया थाटात सुरू होतात आणि पंधरा दिवसांत कोरड्या पडतात, हे मी आमच्याच गल्लीत पाहिले आहे. रोज पहाटे रांजण घासून भरणार कोण, हे आधी ठरवावे. पैशांचा प्रश्न त्यानंतरचा.

गिरणाकाठ : आपले म्हणणे खरे आहे. मी नोकरीसाठी नाशिकला असतो, म्हणजे भरणार भाऊच. काल फोनवर त्याला हे वाचून दाखवले, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की ओगराळे त्याने माळ्यावर जपून ठेवले आहे. गवंड्याला त्याने नकार कळवला. मात्र रांजणाच्या बुडाला केसाएवढी चीर गेली आहे. ती सिमेंटने बुजवली तर चालेल का?

तापीमाय : सिमेंट लावू नका, चीर पुन्हा उघडेल. कुंभाराकडून नवा रांजण घ्या, दोन दिवस भिजवून पहिले पाणी टाकून द्या आणि गळ्याला ओले गोणपाट गुंडाळा. ओगराळे मात्र तेच ठेवा.