मदत हवी आहे: स्वतःच्या आवारातलं झाड तोडायला परवानगी लागते का? (तातडीचं)

वैतागलेला_मालक
नमस्कार मंडळी. आमच्या आवारात एक मोठं झाड आहे. घरावर कललंय, पानांनी पन्हळ तुंबते, कुंपणाच्या भिंतीला तडा गेलाय. जागा आमची, झाड आमचं. तोडणारा माणूस ठरवलाय, रविवारी सकाळी येतोय. आता शेजारचे काका म्हणतात, महापालिकेची परवानगी लागते. खरंच लागते का? मोघम नको, हो की नाही एवढंच सांगा. वेळ कमी आहे.

सातबारा
हो.

वैतागलेला_मालक
@सातबारा, कुठल्या नियमाने ते तरी सांगा!

सातबारा
एवढंच सांगा म्हणालात म्हणून. 1975 चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. जागा खाजगी असली तरी लागू. परवानगी वृक्ष प्राधिकरणाची, अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे. त्यात 'झाड तोडणे' म्हणजे फक्त बुंधा कापणं नाही. जाळणं, कापणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं, सगळं त्यात येतं. बुंध्याची साल गोलाकार काढून झाड 'आपोआप' वाळवणाऱ्यांनीही वाचून ठेवावं.

चिंचेखालचा
आधी मूलभूत माहिती द्या हो. झाड कुठलं? किती जुनं? गाव महापालिकेत, नगरपरिषदेत की ग्रामपंचायतीत? बुंधा नक्की तुमच्या हद्दीत आहे ना?

वैतागलेला_मालक
झाड कुठलं याने काय फरक पडतो? आंबा आहे. रायवळ.

चिंचेखालचा
पडतो. ग्रामपंचायत हद्दीत असाल तर 1975 चा नाही, 1964 चा वृक्षतोड कायदा बघावा लागतो आणि त्याच्या अनुसूचीत आंबा आहे. फणस, चिंच, साग, मोह, हिरडा, खैर हेही आहेत. तिथे 'यादीत आहे का' हा पहिला प्रश्न. शहरात यादी नाही, तिथे सगळीच झाडं. रोपटंसुद्धा.

सातबारा
त्यांनी वरच महापालिका लिहिलंय. 1964 मध्ये आणून गोंधळ वाढवू नका.

चिंचेखालचा
महापालिका काका म्हणाले, धागाकर्ते नाही. नीट वाचा.

वैतागलेला_मालक
महापालिकाच आहे. आणि झाड आमचंच. 1968 साली आजोबांनी घर बांधलं त्याच वर्षी आजीने कोय पुरली होती, घरात सगळ्यांना माहीत आहे. पुरावा अजून काय पाहिजे?

सातबारा
अहो, मालकी सिद्ध करायला निघालात आणि वय सांगून बसलात. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष धरलं जातं. तोडायची परवानगी मिळाली तरी बदल्यात झाडाच्या वयाइतकी झाडं लावायची, किमान 6 फूट उंचीची. आणि 7 वर्षं ती जगली की नाही याची नोंद. 1968 पासून तुम्हीच मोजा.

वैतागलेला_मालक
पन्नासच्या वर झाडं?? माझं आवार 3 गुंठे आहे!

गच्चीवरची_बाग
कुंडीत शेवगा छान येतो. तो तोडायलाही परवानगी लागते का? माझा चौथ्या मजल्यावर पोहोचलाय.

कोकणी_करवत
तोडताय कशाला? विस्तार कमी करा, भार हलका होईल. पण घराकडची फांदी वरून एका दमात कापायची नाही. आधी खालून तिसरा हिस्सा चीर द्यायची, मग जरा पुढे वरून कापायची म्हणजे फांदी पडताना खालची साल सोलून नेत नाही. उरलेला खुंट शेवटी काढायचा, बुंध्याशी फुगीर कडं असतं त्याच्या जरा बाहेर. आणि आंब्याचा चीक अंगावर घेऊ नका, फोड येतात. छाटलेल्या जागी बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावा, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी.

हिरवळकर
पेस्टबिस्ट काही नको. नीट कापलं तर झाड जखम स्वतः भरून काढतं. लेप लावला तर ओल आत कोंडते.

कोकणी_करवत
तुमच्याकडे पावसाळ्यात महिनाभर ऊन न पाहिलेली बाग आहे का? आमच्याकडे आहे. 30 वर्षं लावतोय.

हिरवळकर
30 वर्षं लावताय म्हणून बरोबर असं नसतं.

सातबारा
दोघांचं झालं की एक सांगतो: शहरात ही छाटणीही परवानगी घेऊनच.

पेव्हर_विरोधी
बुंध्याभोवती फरशी किंवा पेव्हर आहेत का? भिंतीच्या तड्याला लोक मुळांना दोष देतात, पण चारी बाजूंनी काँक्रीट केल्यावर मुळांनी जायचं कुठे? राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी करायला सांगितली होती. आमच्या सोसायटीत मी तो आदेश जोडून तीनदा पत्र दिलं, तिन्ही वेळा पार्किंगचा विषय निघाला.

वैतागलेला_मालक
पेव्हर आहेत, मागच्या वर्षी बसवले. तो विषय नाहीये. झाडच आजारी आहे हो, बुंध्यातून लाकडाचा भुसा पडतो. खाली पेव्हरवर रोज चमचाभर तरी जमतो.

कोकणी_करवत
हे पहिल्या ओळीत सांगायचं सोडून पन्हळ काय सांगत बसलात! भिरूड आहे ती, खोड आतून पोखरणारी अळी. भोकात तार घालून अळी ओढून काढा, मग औषधाचा बोळा आत सारून वर चिखल लिंपा. भोकं किती आहेत? बुंध्यावर टिचकी मारून बघा, पोकळ वाजतो का?

वैतागलेला_मालक
सात-आठ भोकं. खालच्या बाजूला पोकळ वाजतो.

सातबारा
मग मुद्दा बदलतो. अर्जात 'पानं पडतात' अजिबात लिहू नका. झाड रोगट आहे आणि जीविताला, मालमत्तेला धोका आहे हे लिहा, ते कायद्यात बसणारं कारण आहे. भुशाचे, भोकांचे, घराकडच्या कलाचे फोटो जोडा. अधिकारी पाहणीला येईल, झाडावर नोटीस चिकटवेल, वर्तमानपत्रात सूचना येईल, हरकती मागवतील. परवानगी मिळाली तरी पुढचे 15 दिवस हात लावायचा नाही. तेव्हा रविवार विसरा. झाड खरंच कोसळायला आलं तर अग्निशमन दल, 101.

चिंचेखालचा
हद्दीचं उत्तर अजून आलं नाही.

वैतागलेला_मालक
बुंधा आमच्यात आहे. दोन फांद्या काकांच्या गच्चीवर जातात. म्हणजे जायच्या. मागच्या रविवारी त्या माणसाने नमुना म्हणून तेवढ्या तोडून दिल्या.

सातबारा
हे आत्ता सांगताय?

वैतागलेला_मालक
मला काय माहीत फांद्या पण मोजतात! काका तेव्हा काही बोलले नाहीत, नंतर बोलले. काल गेटला महापालिकेचा कागद लावलेला होता, खुलासा मागितलाय. म्हणून तर तातडीचं लिहिलं.

हिरवळकर
काकांनीच कळवलं असणार.

चिंचेखालचा
कळवू देत, चूक काय त्यात? दर मे महिन्यात त्या दोन फांद्यांचे आंबे त्यांच्या गच्चीवर पडत असतील.

सातबारा
कागदावर मुदत किती दिली आहे? तेवढं बघा आणि आधी त्याला लेखी उत्तर द्या, परवानगीचा अर्ज त्याच्या मागून. 'नमुना' हा शब्द उत्तरात कुठेही नको.

वैतागलेला_मालक
3 दिवस. तोडणाऱ्याला फोन केला, तो म्हणतो आगाऊ दिलेले पैसे परत मिळणार नाहीत, दुसरं कुठलं झाड असेल तर सांगा.

गच्चीवरची_बाग
त्याचा नंबर व्यक्तिगत निरोपातून द्याल का? शेवग्यासाठी.