डास हसतात

(फोंड्यातल्या एका सोसायटीचा ग्रुप, जूनची रात्र)

शुभदा 203: कोणाकडे डास मारायची जास्तीची रॅकेट आहे का? आमची गेली. मागच्या चवथीच्या बाजारात घेतलेली. चार्जिंगला लावली की लाल दिवा लागतो, पण बटण दाबलं की डास हसतात.

दामोदर काका: रात्रभर प्लगला ठेवत असाल वहिनी. बॅटरी जळते.

शुभदा 203: उलट आहे काका! तुम्हीच फॉरवर्ड टाकलेला, "कुठलीही बॅटरी 80 टक्क्यांच्या वर भरू नये, आयुष्य दुप्पट होते". तेव्हापासून मी अर्ध्या तासात काढते. आणि पाऊस संपला की माळ्यावर, थेट मे अखेरीला खाली.

दामोदर काका: मलाही तो आलेलाच होता 🙏

नीलेश 301: वहिनी, रॅकेट वर पाठवा. फेकू नका.

(पाऊण तासाने)

नीलेश 301: उघडली. आत काड्यापेटीपेक्षा जरा मोठी, चार व्होल्टची शिशाची बॅटरी आहे. मीटर लावला, 1.9 दाखवतो. भरलेली असती तर 4.2 च्या आसपास हवी होती. माझ्याकडची दुसरी जोडून बघितली तर जाळी तडतडली, मलाही एक झटका बसला. म्हणजे बाकी सगळं ठीक, बॅटरी उपाशी मेली.

शुभदा 203: उपाशी म्हणजे?

नीलेश 301: शिशाच्या बॅटरीला रिकामं पडून राहणं सोसत नाही. प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि एकदा ते घट्ट झाले की नंतर रात्रभर लावा नाहीतर आठवडाभर, ती भरत नाही. तुमची अर्धवट भरलेली, वर सात महिने माळ्यावर. तिला ठेवताना पूर्ण भरून ठेवायची आणि दर दोन-तीन महिन्यांनी काढून परत भरायची.

प्रज्योत 102: म्हणजे 80 टक्केवालं खोटं?

नीलेश 301: फोनसाठी खरं आहे रे. फोनची लिथियम. तिचा सेल 4.2 व्होल्टला पूर्ण भरतो आणि तिथे ताणून धरला, त्यात गरम झाला की लवकर म्हातारा होतो. तू चार्जिंगला लावून उशीखाली ठेवतोस ना, ते सगळ्यात वाईट. लिथियम बरेच दिवस वापरणार नसशील तर निम्मी भरून थंड जागी ठेवायची, शिशाची पूर्ण भरून. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला एकच बॅटरी माहीत होती, एवढंच.

दामोदर काका: पण आम्हाला दुकानदाराने सांगितलेलं, ट्रिमर पूर्ण उतरल्याशिवाय लावू नका. मी दहा वर्षं तसंच करतो.

नीलेश 301: ते निकेल कॅडमियमच्या काळातलं काका, तेव्हा त्यात तथ्य होतं. आताचा ट्रिमर लिथियमचा असेल तर मध्येच लावला तरी चालतो, दरवेळी शून्यावर नेणं उलट त्रासाचं.

सुलभा मावशी: आत कुठली आहे ते आमच्यासारख्यांनी कसं ओळखायचं बाबा? मी काय स्क्रू उघडणार आहे?

नीलेश 301: उघडू नकाच मावशी. मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा, नाहीतर फोटो पाठवा. 4 किंवा 6 व्होल्ट असेल तर बहुतेक शिशाची. 3.7 किंवा 3.2 लिहिलं असेल तर लिथियम. 1.2 किंवा 2.4 असेल तर निकेल.

सुलभा मावशी: माझ्या इमर्जन्सी लाईटवर 6 आहे. मी तो बारा महिने प्लगला लावून ठेवते. चवथीत घुमट आरती ऐन रंगात आली की लाईट जाते, दरवर्षीचं आहे.

नीलेश 301: रिकामा ठेवण्यापेक्षा बरंच. पण स्वस्तातल्या लाईटला आणि रॅकेटला भरल्यावर आपोआप थांबायची सोय बहुतेक वेळा नसते. दिवसेंदिवस लावून ठेवलं तर आतलं पाणी उडतं आणि बॅटरी सुकते. खोक्यावर जे आठ-दहा तास लिहिलेत तेवढेच द्या आणि काढा. महिन्यातून एकदा थोडा वेळ पेटवा, मग परत भरा.

वर्षा 104: इन्व्हर्टरला पण हेच का?

नीलेश 301: तो स्वतः थांबतो. तिथे फक्त पाण्याची पातळी बघायची आणि डिस्टिल्डच घालायचं.

दामोदर काका: आमच्या बोरीच्या घरच्या विहिरीचं पाणी डिस्टिल्डपेक्षा गोड आहे.

नीलेश 301: गोडच नको आहे काका, त्यात क्षार असतात 😀

प्रज्योत 102: माझी पॉवर बँक नेवरीसारखी फुगलीय. चालते अजून.

नीलेश 301: आत्ताच्या आत्ता वापर बंद. चार्ज नको, दाबून सपाट करायला जाऊ नकोस, टोचू नकोस. कपड्यांच्या कपाटात नको, कोरड्या कचऱ्याच्या पिशवीत तर नकोच, गाडीत दाबली गेली तर पेट घेईल. 2022 च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करणं उत्पादकांवर बंधनकारक आहे. घेतली त्या दुकानात विचार. तोवर बाल्कनीत सावलीला, मातीच्या कुंडीत ठेव.

प्रज्योत 102: कुंडीत आईची तुळस आहे.

वर्षा 104: तुळशीत अजिबात नाही!! रिकामी कुंडी दे रे कोणीतरी.

नीलेश 301: वहिनी, उद्या बाजारातून तुमच्या रॅकेटला नवी बॅटरी आणतो. पहिल्यांदा पूर्ण भरा, मग वापरा.

शुभदा 203: देव बरें करूं. पण आज रात्रीचं काय? मी रॅकेट मागितली होती, शाळा सुरू झाली.

सुलभा मावशी: ये गो बाय, माझी घेऊन जा. कालपासून प्लगला आहे, येऊन तूच काढ.