कलम 168 मध्ये ‘न्याय्य’ भरपाई एवढंच म्हटलंय, मग जुन्या निकालांचं बंधन कशाला?

विधी_तिसरंवर्ष
मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 168 नुसार न्यायाधिकरणाने ‘न्याय्य’ वाटेल ती भरपाई द्यायची असते. प्रत्येक अपघात वेगळा, प्रत्येक घर वेगळं. तरी वकील सायटेशनचा (जुन्या निकालांच्या दाखल्यांचा) गठ्ठा पुढे ठेवतात आणि न्यायाधीशांना त्याप्रमाणे जावं लागतं. समोरचा पुरावा पाहून त्यांनी स्वतःच रक्कम ठरवली तर जास्त न्याय होणार नाही का?

गुणक_सोळा
नाही होणार, आणि ते आकड्यांतच दिसतं.

32 वर्षांचा गॅरेजवाला अपघातात गेला असं धरा. कमाई महिना 20,000, मागे बायको, दोन मुलं आणि आई. सरला वर्मा (2009) निकालाने हिशेबाची रीत घालून दिली. अवलंबून असलेली माणसं 4 ते 6 असतील तर मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करायचे आणि 31 ते 35 वयाला 16 चा गुणक (वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा) लावायचा. वर्षाचे 2,40,000, वजा 60,000, उरले 1,80,000. सोळाने गुणले की 28,80,000.

भांडण होतं ते पुढे वाढू शकणाऱ्या कमाईवर. एप्रिल 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन-तीन न्यायमूर्तींच्या दोन पीठांचे निकाल आले. रेश्मा कुमारी निकालाने सरला वर्माची रीत कायम ठेवली, म्हणजे स्वतःचा धंदा असणाऱ्याला एरवी ही वाढ नाही. त्यानंतर आलेल्या राजेश निकालात अशा माणसालाही वय 40 च्या आत असेल तर 50 टक्के वाढ धरली, पण रेश्मा कुमारीची दखलच घेतलेली नव्हती. या रीतीने आपल्या गॅरेजवाल्याच्या घरच्यांना 43,20,000 मिळतात. पुरावा तोच, साक्षीदार तेच, आणि फरक 14,40,000 चा. कोणत्या टेबलावर कोणता निकाल ठेवला गेला, यावर त्या विधवेचं पुढचं आयुष्य ठरणार. याला न्याय म्हणता येत नाही.

31 ऑक्टोबर 2017 ला प्रणय सेठी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे मिटवलं. स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगार असेल तर वाढ 40 च्या आत 40 टक्के, 40 ते 50 ला 25, 50 ते 60 ला 10. कायम नोकरीला याच वयोगटांत 50, 30 आणि 15. म्हणजे 20,000 चे 28,000, वर्षाचे 3,36,000, चौथा हिस्सा गेला की 2,52,000, आणि गुणिले 16 म्हणजे 40,32,000. शिवाय मालमत्तेच्या हानीपोटी (लॉस ऑफ इस्टेट) 15,000, अंत्यविधीचे 15,000, सहजीवनाच्या हानीचे (जोडीदाराची साथ गेल्याबद्दल) 40,000, आणि या तीन रकमांत दर तीन वर्षांनी 10 टक्के वाढ.

आता हा हिशेब नांदेडला करा नाहीतर मडगावला, उत्तर तेच. विमा कंपनीलाही तो आधीच करता येतो, म्हणून लोकअदालतीत तडजोड जमते. घरोघरचा वेगळेपणा कुठेही पुसला जात नाही. वय, कमाई, अवलंबून असलेली माणसं हे सगळं पुराव्यानेच ठरतं.

पीठ_किती_जणांचं
वरचा हिशेब बरोबर आहे. पण निकाल नुसता दाखवून भागत नाही, तो लागू पडतो का हे आधी तपासावं लागतं.

राज्यघटनेच्या कलम 141 प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक असतो. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल महाराष्ट्र आणि गोव्यातल्या खालच्या न्यायालयांना पाळावा लागतो. दावा बेळगावात असेल तर तिथे कर्नाटक उच्च न्यायालयाचं बंधन, मुंबईचा निकाल फार तर पटवून देण्यापुरता. मग पीठ किती जणांचं ते बघा. दाऊदी बोहरा (2005) निकालात हे स्पष्ट केलंय की मोठ्या पीठाचा निकाल लहान पीठाला बांधतो, आणि तेवढ्याच पीठाला शंका आली तर त्याने उलटा निकाल न देता प्रकरण मोठ्या पीठाकडे न्यावं म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवावं.

बांधतं ते निकालामागचं कायदेशीर कारण. ओघात मारलेला शेरा बांधत नाही. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो, कारण हेडनोटवर (निकालाच्या वर छापलेल्या सारांशावर) विसंबून मूळ निकाल वाचलेलाच नसतो. राजेशमधले सहजीवनाचे 1 लाख आणि अंत्यविधीचे 25,000 प्रणय सेठीनंतर मागायला गेलात तर विमा कंपनीचा वकील एका वाक्यात खोडून काढतो. धंदेवाल्याला कायम नोकरीचे 50 टक्के लावणं, अविवाहित मृताच्या बाबतीत आईवडिलांच्या वयावरून गुणक धरणं (मृताचंच वय धरायचं) याही नेहमीच्या चुका. चॅटबॉटने दिलेलं सायटेशन मूळ निकाल उघडून पाहिल्याशिवाय अर्जात घालू नका. असा खटला मुळात झालेलाच नसेल, असंही होतं.

विधी_तिसरंवर्ष
पटलं. पण वरच्या न्यायालयाचा निकालच चुकला असेल तर? तो सगळ्यांना बांधून ठेवणार?

पीठ_किती_जणांचं
बदलेपर्यंत, हो. आणि त्याची किंमत मोठी असू शकते. आणीबाणीतल्या एडीएम जबलपूर (1976) खटल्यात नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या (खटल्याविना कैदेत ठेवलेल्यांच्या) बाजूने घेतलेली भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 1 ने उलटवली. न्या. एच. आर. खन्ना एकटे विरोधात होते. तो निकाल 2017 मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने रद्द ठरवला. मधे 41 वर्षं गेली.

म्हणून खालच्या न्यायालयात दोन गोष्टी करायच्या. आपली वस्तुस्थिती त्या निकालापेक्षा कुठे वेगळी आहे ते दाखवायचं, कारण तेवढ्यापुरतं न्यायाधीशांना वेगळं जाता येतं. आणि मुद्दा लेखी युक्तिवादात, पुराव्यासकट नोंदवून ठेवायचा. कलम 173 खालच्या अपिलाला 90 दिवस मिळतात, आणि ज्या मुद्द्याला नोंदीत आधार नाही तो उच्च न्यायालयात उभा करणं फार अवघड जातं.