मदत हवी आहे: गच्चीवरचे टोमॅटो काठीसकट आडवे होतात

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला, सुदामा नगरात राहतो, भाड्याचं घर, वर मोकळी गच्ची. दसऱ्याला बी टाकलं, दिवाळीनंतर रोपं बारा इंची कुंड्यांत लावली. सहा कुंड्या. त्यातली दोन झुडपी जातीची, मांडीएवढी होऊन थांबली, त्यांची तक्रार नाही. उरलेली चार चेरी टोमॅटोची. ती थांबायचं नावच घेत नाहीत. आज माझ्या खांद्याला लागलीत.

काठ्या घ्यायला गेले तेव्हा बांबूवाला म्हणाला होता, "दीदी, चार फूट में क्या होगा, छह का ले जाओ." मी चारच्याच आणल्या. सासूबाई म्हणाल्या होत्या, काठी रोपाबरोबरच रोवायची, मागाहून खुपसलीस तर मुळं तुटतात. मी महिन्याने खुपसली. वर सुतळी अशी आवळून बांधली की खोड जाड झाल्यावर ती रुतलीच, एक शेंडा वाळला. एवढ्या चुका कबूल, आता पुढचं सांगा.

खरी अडचण अशी की कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नि शेणखताच्या भुसभुशीत मातीत काठी धरतच नाही. खाली फुटभर माती, वर चार फूट झाड आणि घोसांचं वजन. परवा संध्याकाळी वारा सुटला आणि अख्खी कुंडी कलंडली. हिरव्या टोमॅटोंची कूट घालून चटणी केली, चांगली झाली, पण दर आठवड्याला चटणी नको!

जाळीचा पिंजरा करावा म्हटलं, पण कुंडीच पडते तर पिंजराही पडणार. भिंतीला भोकं पाडायला घरमालक देणार नाहीत. कपडे वाळत घालायची तार मात्र साडेसहा फुटांवर आहे. तिच्यावरून सुतळी सोडली तर चालेल का? आणि बगलफुटी, म्हणजे पान नि खोडाच्या बेचक्यातून फुटणारे कोंब, सगळ्या काढायच्या का?

प्रतिसाद: ताई, तारच वापरा. वजन तार घेईल, काठीवर अवलंबून राहायला नको. सुतळीचं खालचं टोक खोडाला न बांधता कुंडीच्या काठाला बांधा, आणि दर तीन-चार दिवसांनी शेंडा हलक्या हाताने सुतळीभोवती फिरवा. जिथे बांधावंच लागेल तिथे जुन्या सुती साडीची पट्टी, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी सैल. चेरीला एक-दोन खोडं ठेवा, बाकी बगलफुटी बोटभर असतानाच सकाळी हाताने मोडा. झुडपी दोघांच्या काढू नका, त्यांना फळ त्याच फांद्यांवर धरतं. कुंड्या एकमेकींना चिकटवून भोवती विटा लावा.

धागाकर्ती: आभार दादा! आज दोन कुंड्या केल्या. विटांनी कुंड्या हलत नाहीत, पण तार मधोमध झोळ खातेय. तिथे बांबूचा टेकू दिला तर पुरेल, की तारच दुहेरी करू? सासूबाईंचा प्रश्न वेगळाच आहे: आता चादरी कुठे वाळवायच्या?