भाऊ फोनच उचलत नसेल तर समेट कसा करायचा?

सुलू_वडगावशेरी:

सर्वांना सलाम. मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडे स्कूलला तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवते. गेल्या रविवारी बायबलमधल्या मत्तयाच्या 5 व्या अध्यायातला धडा होता. दान घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी फळ्यावर वेदी काढली, दानाचं मेंढरू काढलं. ते कुत्र्यासारखं झालं, मुलं हसली. तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, "टीचर, भाऊ दुसऱ्या गावाला राहत असेल तर?" म्हटलं, फोन करायचा. "आणि त्यानं उचललाच नाही तर? तोपर्यंत मेंढरू तिथंच बांधलेलं?"

"पुढच्या आठवड्यात सांगते" म्हणाले आणि प्रार्थना घेऊन वर्ग सोडला. माझा सख्खा भाऊ नगरला असतो आणि सात महिने झाले, माझा फोन उचलत नाही.

आई शेवटचे 14 महिने माझ्याकडे होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पाणी मापून द्यायचं, भाजी उकळून ते पाणी फेकायचं आणि परत शिजवायची. दादा महिन्यातून एकदा यायचा, येताना डझनभर केळी आणायचा. डायलिसिसच्या पेशंटला केळी! दर वेळी सांगायचं, दर वेळी तो आणायचा. मग आई प्रभूत निजली. माती नगरलाच दिली. तिसऱ्या दिवशी निघताना मी घरातलं जुनं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, बॅगेत ठेवलं. ते आजोबांचं. जुना करार संपून नवा सुरू होतो तिथल्या कोऱ्या पानांवर घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू लिहिलेले आहेत. पहिली नोंद 1931 ची. दादाला हे कळलं तेव्हापासून अबोला. वहिनी बोलते, पण हळू आवाजात, बाथरूममधून बोलल्यासारखी.

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे, प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. माझ्या बाजूनं मी त्याला क्षमा केलेली आहे. तर मी घ्यावं का? आणि त्या पोरीला काय सांगू?

भिंगारवाला:

ताई, पोरीनं बरोब्बर बोट ठेवलंय. येशू हे बोलला गालीलात. वेदी होती यरुशलेमच्या मंदिरात. मधलं अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर, पायी तीन-चार दिवस. म्हणजे जनावर तिथं सोडायचं, घरी यायचं, भावाशी बोलायचं, पुन्हा चालत जायचं. आठवडा गेला. ऐकणारे गालीलातलेच, त्यांना हा हिशेब कुणी समजावून सांगायला नको होता. मला तर वाटतं काहीजण हसलेही असतील.

आता तुमचा हिशेब. पुणे-नगर 120 किलोमीटर, म्हणजे जवळपास तेवढंच. पण एसटी तीन-साडेतीन तासांत सोडते, शिरूरचा चहा धरून. फोनचं कुठून काढलंत?

कडू_कारलं:

नेहमीचंच. बहिणीनं करायचं, बहिणीनंच नमायचं. 14 महिने भाजीचं पाणी कुणी फेकलं? आणि कायद्याचं बोलायचं तर भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 नुसार ख्रिस्ती घरात मृत्युपत्र नसेल तर मुलगा-मुलगी सारखेच वारस. तरी आपल्यात मुलींच्या हाती येतात आईच्या दोन साड्या आणि एक ट्रंक. ताईंनी एक शास्त्र उचललं तर आकाश कोसळलं. बिनधास्त घ्या प्रभुभोजन.

निवृत्त_पाळक:

कायद्याबद्दल वरच्या भगिनींचं म्हणणं बरोबर आहे. त्यांच्या रागाबद्दलही माझी तक्रार नाही, चर्चचा पाळक असताना असे डझनावारी वाद मी पाहिले. घर-जमिनीपेक्षा शिवणयंत्र, हार्मोनियम, पितळी घंगाळ यांवरून लोक जास्त वर्षं अबोला धरतात.

सुलूताई, तुमचा प्रश्न नवा नाही. 1662 सालच्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) प्रार्थनापुस्तकात प्रभुभोजनाच्या विधीआधी पाळकासाठी सूचना छापलेली आहे. दोघांत वैर असेल तर समेट होईपर्यंत त्यांना प्रभुभोजनाच्या मेजाजवळ येऊ देऊ नये. पण एकानं मनापासून क्षमा केली आणि दुसरा हट्टाला पेटला असेल, तर पहिल्याला अडवू नये. झालं, तुम्ही म्हणाल, सुटले! थांबा. त्या वाक्यात आणखी एक अट आहे: त्या पहिल्यानं स्वतःच्या हातून झालेल्या चुकीची भरपाई करायला तयार असलं पाहिजे.

म्हणून मत्तयातलं वाक्य पुन्हा वाचा. "तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल" असं तिथं नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध आहे, असं आहे. तुम्ही क्षमा केलीत ती केळ्यांची. त्याची तक्रार केळ्यांची नाहीच. एकच विचारतो, रागावू नका. शास्त्र आईनं तुम्हाला दिलं होतं का?

सुलू_वडगावशेरी:

पाळकसाहेब, दोन दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा.

नाही. दिलं नव्हतं. दादाला मी सांगितलं, "आई मला देणार होती." ती तसं कधी बोलली नाही. एकदा पाय चेपताना एवढंच म्हणाली होती की पानं सुटायला लागलीत, कुणीतरी बांधून घ्यायला पाहिजे. ते "कुणीतरी" म्हणजे मीच, असं मी धरलं. बांधूनही घेतलेलं नाही. कपाटात, चादरींच्या खाली आहे. उघडतसुद्धा नाही, कारण शेवटच्या पानावर आईची नोंद मीच केली आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं, खरं तर टाळलं. मार्चमध्ये दादाला नात झाली. त्या पानावर दादाच्या मुलाच्या बाप्तिस्म्याखाली दोन ओळी रिकाम्या आहेत. नाव लिहायला त्यांच्याकडे पानच नाही.

वाडीवाली_वसई:

मी कॅथलिक, तुमच्यात घुसते जरा. आमच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ख्रिस्तप्रसाद (तुमचं प्रभुभोजन) घेण्याआधी शेजारच्याला शांतीचं अभिवादन करायचं असतं. मी आणि माझी जाऊ 11 महिने मुद्दाम दोन-तीन बाकं सोडून बसायचो, एकमेकींना हात जोडायला नकोत म्हणून! भांडण विहिरीच्या पंपाचं. तिची केळी, माझा मोगरा, पाणी एकाच विहिरीचं. तिच्या पाळीला वीज जायची आणि ती माझ्या पाळीत पंप लावायची. कुमसाराला, म्हणजे फादरसमोर आपली पापं कबूल करायला गेले, तेव्हा मी ऐटीत तिची सगळी पापं सांगितली. फादर ऐकत राहिले, मग म्हणाले, आता तुमची सांगा. तेव्हा आठवलं की मीही एकदा तिचा फ्यूज काढून पदराला बांधला होता.

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला बाकं भरलेली, जागा उरली तिच्याच शेजारी. हात जोडले. ती पुटपुटली, "पंपाचा वॉशर गेलाय, माहीत आहे ना?" एवढंच. फार गोड काही झालं नाही. अजूनही आमचं जमत नाही, पण वॉशर अर्धा-अर्धा घेतला.

शास्त्र परत द्या हो. जुन्या करारात लेवीयच्या सहाव्या अध्यायात आहे ना, दुसऱ्याचं घेतलेलं परत करताना पाचवा हिस्सा वर घालायचा. तुमचा पाचवा हिस्सा काय, ते बघा.

भिंगारवाला:

बांधणी! पानं सुटलीत म्हणालात ना. पुण्यात आप्पा बळवंत चौकाच्या आसपास विचारा, करून देणारा कुणीतरी सापडेल. मूळ पुठ्ठा फेकू देऊ नका.

सुलू_वडगावशेरी:

आज जाऊन आले, आत्ताच घरी पोचले. वाकडेवाडीहून सकाळची गाडी. शास्त्र बांधून घेतलं, जुना पुठ्ठा वरून तसाच लावायला सांगितला. बांधणाऱ्यानं ती नोंदींची पानं पाहिली आणि पैसे कमी घेतले. मी विचारलं नाही का.

दादा घरात होता. आतल्या खोलीत होता, बाहेर आला नाही. मी दाराशी उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "आईनं मला दिलं नव्हतं. मी खोटं बोलले." रेडिओ चालू होता, तो बंद झाला. बस्स. वहिनीनं शास्त्र दोन्ही हातांनी घेतलं, बाळाला माझ्या मांडीवर दिलं. नाकावरून थेट आई आहे. तासभर बसले, रेडिओ परत लागला नाही आणि दारही उघडलं नाही. निघताना वहिनीनं डब्यात अळूवडी भरून दिली. स्टीलचा डबा, झाकणावर दादाचं नाव कोरलेला, त्याच्या लग्नातला. म्हणाली, "हा डबा त्यांनीच काढून दिलाय. त्यांना हाच परत लागतो."

कडू_कारलं यांना: तुमचं पटलं नाही असं नाही. साड्यांचं तर अगदी खरं आहे. त्यावर मी दादाशी भांडणार आहे, पण तो बोलायला लागल्यावर.

पाळकसाहेब, उद्या प्रभुभोजन घेणार आहे. पोरीला मी गाडीचं तिकीट दाखवेन म्हणतेय, जपून ठेवलंय. पण ती विचारणारच, मग भाऊ बोलला का?

वसईच्या ताई, डबा रिकामा परत करता येत नाही, हे तुमच्याकडेही असेलच. दादाला गूळपापडी आवडायची लहानपणी, पण आता त्याला शुगर आहे. बिनसाखरेचं, दोन-तीन दिवस टिकणारं काय देता येईल? केळी सोडून सांगा.