मदत हवी आहे: कोब्रा रेप्लिकाचं स्टीअरिंग उजवीकडे नेलं, आता चाकं उलटी वळतात

गिरणारे_रोड
एसी कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारची रेप्लिका (नक्कल) आहे. फायबर बॉडी, फोर्ड ३०२ घनइंची व्ही-एट इंजिन. किट डाव्या स्टीअरिंगचं आलं. नाशिकच्या अंबडला फॅब्रिकेटरकडून कॉलम, पेडल बॉक्स, डॅशबोर्ड सगळं उजवीकडे घेतलं. उजवा रॅक (चाकं वळवणारा दातेरी दांडा) मिळाला नाही म्हणून आहे तोच उलटा करून बसवला. आता स्टीअरिंग उजवीकडे फिरवलं की चाकं डावीकडे जातात. रविवारी गाडी स्टँडवरून उतरवायची आहे. लवकर उपाय सांगा.

सातपूर_टर्नर
उलटा म्हणजे नक्की कसा? उताणा, की मागचं पुढे? आणि रॅक चाकांच्या मध्यरेषेच्या पुढे आहे की मागे?

गिरणारे_रोड
उताणा. पिनियनचा (रॅक सरकवणाऱ्या छोट्या गिअरचा) शाफ्ट केबिनकडेच आहे. पुढे-मागे असण्याने काय फरक पडतो?

गोदाकाठ
३०२? मूळ कोब्रात आधी २६०, मग २८९ आणि शेवटी ४२७ होतं. ३०२ फोर्डने १९६८ ला आणलं, तोवर मूळ कोब्रा बंद झाली होती.

सातपूर_टर्नर
सगळा फरक त्यानेच पडतो. टेबलावर स्टीलची पट्टी आडवी ठेवा. तिच्यावर पेन्सिल अशी टेकवा की टोक तुमच्यापासून लांब जाईल. पेन्सिल उजवीकडे फिरवा, पट्टी डावीकडे सरकते. आता तीच पेन्सिल पट्टीच्या खालून लावा आणि तशीच उजवीकडे फिरवा. पट्टी उजवीकडे गेली ना? रॅक उताणा केल्यावर पिनियनचं हेच झालं. पूर्वी गाडी बरोबर वळत असेल तर रॅक नक्की चाकांच्या मागे आहे आणि नकलचे (चाक वळवणाऱ्या सांध्याचे) हात मागे वळलेले आहेत. एकदा वाकून बघून लिहा.

गिरणारे_रोड
हो, मागेच आहे.

पंचवटी_गॅरेज
मग सोपं आहे भाऊ. डावा नकल उजवीकडे, उजवा डावीकडे. हात पुढे येतील, रॅक उचलून चाकांच्या पुढे बसवा. दिशा आपोआप सरळ. नवीन रॅक लागत नाही, दोन दिवसांचं काम.

सातपूर_टर्नर
दिशा सरळ होईल, ॲकरमन (वळणात आतलं चाक जास्त वळवणारी रचना) बिघडेल. मागे वळलेले हात गाडीच्या आतल्या बाजूला झुकलेले असतात, कारण त्यांची रेषा मागच्या ॲक्सलच्या मध्याकडे जायला हवी. नकल अदलाबदल केले की हात पुढे येतात, पण आतच झुकलेले राहतात. पुढच्या हातांना बाहेर झुकायला हवं. मग वळणात आतलं चाक जास्त वळायच्या ऐवजी कमी वळतं. द्वारका चौकात पूर्ण लॉक मारलात तर पुढचे टायर घासत जातील.

पंचवटी_गॅरेज
रेसच्या गाड्या मुद्दाम असं ठेवतात.

सातपूर_टर्नर
त्यांचे टायर आणि वेग वेगळे. ही गाडी गल्लीत पण वळणार आहे.

लोखंडी_पाना
कॉलमला मध्ये दोन सारख्या दातांचे गिअर टाका, दिशा उलटते. विषय संपला.

ताई_मेकॅनिकल
दादा, असं करू नका. दोन गिअरमधला प्ले (ढिलेपणा) थेट हातात येतो, आणि एक दात तुटला की गाडीला स्टीअरिंगच राहत नाही. कॉलममध्ये सुटा जोड जितका कमी तितकं बरं.

गिरणारे_रोड, उपाय एकच: चाकांच्या मागे बसणारा उजव्या हाताचा रॅक. कुठल्या गाडीचा यापेक्षा त्याची लांबी महत्त्वाची. रॅकच्या दोन्ही टोकांच्या आतल्या बॉल जॉइंटच्या केंद्रांमधलं अंतर मोजा. मग वरच्या आणि खालच्या विशबोनच्या (सस्पेन्शनच्या त्रिकोणी हातांच्या) आतल्या पिव्हटवरून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा. आतले बॉल जॉइंट त्या दोन पिव्हटना जोडणाऱ्या रेषेवर, निदान तिच्या अगदी जवळ यायला हवेत. नाही आले तर खड्ड्यात चाक वर गेलं की टो (चाकांचा आत-बाहेर कोन) बदलतो आणि गाडी आपोआप बाजूला ओढते.

लोखंडी_पाना
मारुती ८०० चा रॅक मागेच बसतो, मॅन्युअल आहे, कुठेही मिळतो. तो घ्या.

ताई_मेकॅनिकल
८०० जेमतेम साडेसहाशे किलोची, बारीक टायरची. इथे पुढे व्ही-एट आणि रुंद टायर आहेत. तो रॅक आणि त्याचे टायरॉड (रॅकपासून चाकापर्यंतचे दांडे) या वजनासाठी नाहीत. मोठ्या सेडानचा बघा. लांबी जास्त भरली तर दात नसलेलं टोक लेथवर कापून नवीन आटे पाडता येतात, बाहेरची नळीही तितकीच कापायची. दात असलेल्या बाजूला हात लावायचा नाही, तो भाग कडक केलेला असतो. आणि आतल्या जॉइंटला लॉकनट हवाच.

कायदा_वाचा
पासिंगचं काय? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल चालत नाही. आणि डावं स्टीअरिंग मुळात बंद नव्हतं. कलम १२० प्रमाणे सिग्नलचं यांत्रिक किंवा विजेवर चालणारं साधन चालू असलं तर चालतं. उगाच खर्च केलात.

गिरणारे_रोड
पासिंगचं विचारलेलं नाही. गाडी आमच्या मळ्यातच फिरणार आहे.

कायदा_वाचा
पण ट्रायल एमआयडीसीच्या रस्त्यावर घ्याल, तो सार्वजनिक रस्ताच आहे.

गोदाकाठ
स्वीडनमध्ये ३ सप्टेंबर १९६७ पर्यंत लोक डावीकडून चालवायचे, तरी बहुतेक गाड्या डाव्या स्टीअरिंगच्याच होत्या. माणसाला सवय होते.

सातपूर_टर्नर
धागा भरकटतोय. गिरणारे_रोड, स्टीअरिंगचा शाफ्ट हेडरच्या (एक्झॉस्टच्या नळ्यांच्या) किती जवळून जातो? ३०२ चा स्टार्टर उजवीकडे खाली असतो. डाव्या स्टीअरिंगला त्याचा त्रास नव्हता, आता आहे.

गिरणारे_रोड
बोट जेमतेम जातं. खाली रबरी कपलिंग आहे.

सातपूर_टर्नर
कपलिंग आजच काढा, हेडरच्या धगीने रबर चिरतं. त्याजागी नीडल बेअरिंगचा यूजे (युनिव्हर्सल जॉइंट) टाका आणि मध्ये पत्र्याची ढाल लावा, तीही हेडरला टेकू देऊ नका. किमान २५ मिमी अंतर हवं, कारण इंजिन माउंटवर हलतं. सरळ वाट मिळत नसेल तर तीन यूजे लागतील, मग मधल्या शाफ्टला चासीवरून बेअरिंगचा आधार द्या, नाहीतर तो झोके खातो. यूजे ३० अंशांच्या आत ठेवा. स्प्लाइनचे (शाफ्टवरच्या खाचांचे) दात मोजून आणि व्यास व्हर्निअरने घेऊन यूजे मागवा. जवळपास जुळतो म्हणून ठोकून बसवू नका, शाफ्टला वेल्डिंग तर नकोच.

ताई_मेकॅनिकल
ब्रेकची नळी वाढवली असेलच. कशाची?

गिरणारे_रोड
तांब्याची, फ्रिजवाल्याकडची. का?

ताई_मेकॅनिकल
बदला. साधं तांबं थरथरीने कडक होतं आणि फ्लेअरपाशी (नळीच्या रुंद केलेल्या तोंडापाशी) तडकतं. ४.७५ मिमीची क्युप्रोनिकेल किंवा स्टीलची नळी घ्या, दोन्ही टोकांना डबल फ्लेअर. हवा काढताना आता मास्टर सिलिंडर उजवीकडे आहे, म्हणजे सर्वांत लांबचं मागचं डावं चाक आधी.

दिवा_लावा
हेडलाइट कुणीच विचारले नाहीत. डाव्या स्टीअरिंगच्या दिव्याचा डिपरचा झोत उजवीकडे वर चढतो, आपल्याकडे तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. फिरवून ठीक होत नाही, कारण काचेतली नक्षीच तशी असते. डावीकडे चढणाऱ्या झोताची काच लावा.

गिरणारे_रोड
मळ्यात दिवे लागत नाहीत, तरी बदलतो. आतल्या जॉइंटचं अंतर ६१० मिमी भरलं, पिव्हटच्या रेषेपासून दोन्हीकडे ४ मिमी बाहेर. इतकं चालतं का? रविवार रद्द.

ताई_मेकॅनिकल
तो जुना रॅक आहे, त्यावरून ठरवू नका. ६०२ च्या आसपासचा शोधा. तो बसल्यावर स्प्रिंग काढून चाक ५० मिमी वर, ५० मिमी खाली न्या आणि टो मोजा. बदलत असेल तर रॅकच्या क्लॅम्पखाली २ मिमीच्या पट्ट्या घालत पुन्हा मोजा.